दर महिन्याचा ताप

"आता ताप उतरला का, शैलाबाई?" असं बापूसाहेबांनी विचारलं आणि शैलाच्या हातातला खडू मोडला. तुकडा टेबलाखाली गेला. तो वाकून उचलावा की आधी उत्तर द्यावं हे तिला कळेना. प्रश्न साधा होता, आपुलकीचा होता. शाळेच्या कमिटीचा सेक्रेटरी एका तरुण शिक्षिकेच्या प्रकृतीची चौकशी करतो, यात वावगं काहीच नव्हतं. पण ज्याच्या घरातल्या मागच्या खोलीत ती राहत होती त्या याच माणसाने आज सकाळी विहिरीकडच्या दाराशी थबकून आत हाक मारली होती, "मास्तरीणबाईचं न्हाणं झालं का? झालं असन त मी विहिरीवर जातो." आणि त्यांच्या बायकोने, सत्यभामाकाकूंनी, चुलीपुढूनच ओरडून सांगितलं होतं, "झालं, चवथा आहे तिचा आज. जा तुमी." शैला तेव्हा ओले केस पंच्यात गुंडाळून मागच्या पडवीत उभी होती. बापूसाहेब तिच्या अंगावरून विहिरीकडे गेले होते, खाली मान घालून, गेले तीन दिवस तिची सावली पडू नये म्हणून घेतलेला वळसा आज न घेता. आणि आता अकरा वाजता, काळा कोट आणि गोल टोपी घालून, ते मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसले होते आणि ताप उतरला का म्हणून विचारत होते. ते ढोंग करत असते तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती. घरातले बापूसाहेब बंडीत असत आणि वऱ्हाडीत बोलत; शाळेतले बापूसाहेब कोटात असत आणि छापल्यासारखं बोलत. त्या दोघांची एकमेकांशी कधी गाठ पडली नव्हती, इतकंच. "हो, उतरला," शैला म्हणाली आणि खडूचा तुकडा उचलला.

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. तरुण शिक्षिकांच्या आजारपणाचं कमिटीला नवल वाटत होतं. मुख्याध्यापिकाबाई पन्नाशी ओलांडलेल्या, पण त्यांना कधी साधं पडसं होत नाही. आणि ह्या विशीतल्या पोरी महिन्याच्या महिन्याला अंथरूण धरतात. कोर्टातले पोरसवदा कारकून आठवडी बाजाराच्या दिवशी आजारी पडतात, त्याचं कारण मला समजतं, बापूसाहेब म्हणाले, पण तुमचं समजत नाही. बोलता बोलता ते थांबले आणि तिच्याकडे पाहू लागले, जणू ती आता कारण सांगेल. मुख्याध्यापिकाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. शैलाच्या जिभेवर शब्द होता. तो शब्द सकाळी त्यांच्याच घरात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलला गेला होता. पण या खोलीत, या खुर्च्यांमध्ये, भिंतीवरच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नकाशाखाली तो उच्चारणं म्हणजे अंगावरचं लुगडं सोडण्यासारखं होतं. तिने खडूचा तुकडा मुठीत मिटून घेतला. बापूसाहेबांनी सुस्कारा टाकून निकाल दिला. पोळा झाला की कमिटीची बैठक आहे. त्या बैठकीत तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरेल. माझं मत तुमच्या बाजूने आहे, पण सभासद विचारतील. तोवर एकही आजारीपणाची रजा पडू देऊ नका. "मनावर घेतलं म्हणजे प्रकृतीही ऐकते," ते म्हणाले.

कायम होणं म्हणजे तिच्यासाठी काय, हे बापूसाहेबांना माहीत नव्हतं आणि मुख्याध्यापिकाबाईंना थोडंफार होतं. शैलाला ते पोटात धरून ठेवल्यासारखं ठाऊक होतं. अमरावतीला भाऊ गोपाळकृष्ण वाट बघत होता. तो वाईट नव्हता. बहिणीला ट्रेनिंगला त्यानेच घातलं होतं, अकोल्याला बापूसाहेबांसारख्या खानदानी वकिलाच्या घरी मागची खोलीही त्यानेच मिळवून दिली होती. पण मे महिन्याच्या सुटीत त्याने स्वच्छ सांगितलं होतं. कायम झालीस तर तुझं तू पाहा, मी मधे पडणार नाही. नाही झालीस तर धामणगावचं स्थळ आहे, दिवाळीनंतर बार उडवून टाकू. धामणगावचं स्थळ म्हणजे रेल्वेच्या मालधक्क्यावरचा बडा कारकून, बिजवर, दोन मुलांचा बाप. तो एकदा पाहायला आला होता. त्याने पोहे खाताना तिला एकच प्रश्न विचारला होता, प्रकृती कशी असते? वहिनीने आतून उत्तर दिलं होतं, घोड्यासारखी. आता त्या घोड्यासारख्या प्रकृतीवर दोन गावांचे पुरुष आपापली काळजी घेऊन बसले होते, असं शैलाला वाटलं आणि वर्गाकडे जाता जाता तिला एकटीलाच हसू आलं.

ताप हा तिचा शोध नव्हता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ती मुख्याध्यापिकाबाईंकडे चाचरत गेली होती, तेव्हा त्यांनी वर न बघता सांगितलं होतं की ताप लिहा, ताप म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. तसा त्या शाळेत सगळ्याच तरुण शिक्षिकांना ताप येई. कुणाचा वद्य पक्षात, कुणाचा शुद्धात, आणि तीन दिवसांनी उतरे. मुलींना सगळं कळत होतं. बाईंना बरं नाही म्हटलं की चवथीतल्या थोराड पोरी एकमेकींना कोपराने ढोसत. गावातल्या शेंबड्या पोरांनाही कळत होतं. आईला कावळा शिवला, आज बाबांच्या हातची खिचडी, असं ती रस्त्यात ओरडत जात. घराघरांत ज्याची दवंडी पिटली जाई ती गोष्ट शाळेच्या फाटकाशी आली की तिचा ताप होई. आणि ज्यांच्या घरी महिन्याचे तीन दिवस ताट वेगळ्या हातांनी वाढलं जाई, ते कमिटीचे सातही सभासद पोरींच्या नाजूक हाडांचा विचार करत बसत. यात फसवणूक कोणाची होत होती, हे शैलाला नीट सांगता आलं नसतं.

आणि खरं सांगायचं तर ते तीन दिवस तिला सुरुवातीला आवडत. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात एक काळं कांबळं खुंटीवर असे, ते काढून पसरायचं आणि त्यावर बसायचं. तिचा पितळी पेला आणि ताटली तिथेच. काकू वरून पाणी ओतत, वरून भाकर टाकत, आणि लांबूनच गप्पा मारत. कुठे हात लावायचा नाही म्हणजे काही करायचंही नाही. लहानपणी अमरावतीला आई अशीच परसातल्या पेरूच्या झाडाखाली बसे आणि शैला लांबून तिला बघे. एरवी सतत धावणारी, चिडणारी आई त्या दिवसांत झाडाला टेकून डोळे मिटून बसे, आणि शैलाला ती एखाद्या पाहुण्या बाईसारखी सुंदर वाटे. आईला विश्रांती मिळायची ती एवढीच, आणि तीही विटाळाच्या नावाने. पहिल्या दिवशी शैलाच्या ओटीपोटात जी कळ फिरे ती काही खोटी नव्हती. मांड्या भरून येत, डोकं जड होई. ताप नसे, पण आजार नव्हता असंही तिला म्हणवत नव्हतं. त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होता. शाळा बोळ ओलांडला की पलीकडेच होती. कांबळ्यावर बसलं की तिचाच वर्ग ऐकू येई. दुसऱ्या बाई तिच्या मुलींना पाढे म्हणायला लावून स्वतः विणत बसत, आणि सतराच्या पाढ्यात मुली दर वेळी त्याच जागी चुकत. सतरा सक शंभर चार. शैला कांबळ्यावरून पुटपुटे, शंभर दोन. भिंतीपलीकडे चूक तशीच पुढे जाई. तिला उठून जाता येत नसे, आणि ती उठून जाऊ शकत नाही हे सगळ्या बोळाला माहीत असे.

तिने हे सगळं जयवंताला सांगितलं. जयवंता त्याच शाळेत बिनयत्तेला, अगदी लहानग्यांना, शिकवे. बार्शीटाकळीच्या माळ्यांची पोर, शाळेजवळ खोली घेऊन एकटी राहायची, आणि आजारी पडायची ती मळ्यात भाजीची तोड जोरात असली म्हणजे, कारण तेव्हा आईला माणूस कमी पडे. तिचाही तो तापच लिहिला जाई. शैलाचं ऐकून तिने भुईमुगाच्या शेंगा फोडणं थांबवलं नाही. तिला त्यात अवघड असं काही दिसेना. ती म्हणाली, "सांगूच नोको ना व त्या म्हातारीले. तिले काय सपन पडते?" शैला दचकली. तुमच्याकडे पाळत नाहीत का, असं तिने विचारलं. पाळतो ना, जयवंता म्हणाली, देवाजवळ जात नाही, पानमळ्यात पाय टाकत नाही, वेल जळतात म्हणतात. पण वांग्यांना आणि मिरच्यांना तसलं काही कळत नाही. घरातल्या सगळ्या बाया आळीपाळीने बसल्या असत्या तर बाजारात काय घेऊन गेलो असतो? शेवटी ती म्हणाली, धुणं माझ्या खोलीवर करत जा, म्हणजे दोरीवर काही दिसायला नको. शैलाला वाटलं, ही किती सहज बोलते, आणि मग वाटलं की हिच्या घरी शाळिग्राम नाही.

पोळ्याच्या आधी दोन दिवस पहाटे तिला कळलं. अंथरुणात तिने डोळे उघडले नाहीत. कळ ओळखीची होती, हळूहळू उठणारी. दाराबाहेर काकूंची पावलं, विहिरीचा रहाट, आणि पडवीत खुंटीवर ते कांबळं. नुसतं दार उघडून दोन शब्द सांगितले की तीन दिवस पाय पसरून पडायला मिळणार होतं. इतका मोह तिला कधी झाला नव्हता. धामणगावच्या माणसाचं पोहे चावतानाचं तोंड तिने मुद्दाम डोळ्यांपुढे आणलं, उठली, आणि नेहमीसारखी न्हाणीकडे गेली. त्या दिवशी घरातली प्रत्येक वस्तू तिच्याकडे बघत होती. रहाटाचा दोर, पाण्याचा हंडा, तुळशीजवळून जाणारी फरशी. आपण ज्याला शिवू त्यावर काही डाग उमटेल, हंड्यातलं पाणी काळं पडेल असं तिला क्षणोक्षणी वाटे, आणि काहीच होत नसे. ट्रेनिंग कॉलेजात शिकलेलं सगळं शरीरशास्त्र तिला पाठ होतं. तरी हंड्याला हात लावण्याआधी ती एकदा मागे वळून बघून घेई. काकूंनी देवघरातलं तबक आणायला सांगितलं, तेव्हा मी सोवळ्यात नाही असं म्हणून तिने ते टाळलं. पण दुसऱ्या दिवशी काकूंचे हात पुरणाने भरले होते आणि त्या म्हणाल्या, शैला, तेवढी बरणी उघडून लोणचं काढ. यंदाचं आंब्याचं लोणचं, उन्हाळाभर काकूंनी जपलेलं, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून माळ्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेलं. काकू स्वतः अंग धुतल्याशिवाय त्याला हात लावत नसत. शैलाने दादरा सोडला. खाराचा वास नाकात गेला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मात्र नासणार, असं तिला खात्रीने वाटलं. शरीरशास्त्र विसरून, लहान मुलीसारखी, ती मनातल्या मनात त्या बरणीची क्षमा मागत होती. मग तिने पळीने फोडी काढल्या, आणि दादरा होता तसा बांधला.

शाळेत ती उभी राहून शिकवत होती. खुर्चीवर बसलं तर पुन्हा उठवणार नाही अशी तिला भीती होती. भिंतीतल्या दगडी फळ्याला पाठ लावली की त्याचा गारवा कंबरेला लागे आणि बरं वाटे, म्हणून ती मुलींना पुन्हा पुन्हा सतराचा पाढा म्हणायला लावी. मुली त्या जागी चुकल्या की ती तिथेच थांबवून दुरुस्त करी. ते सुख होतं. पण त्या सुखाखाली कळ चालूच होती, आणि दुपारी तिच्या लक्षात आलं की आपण आजवर घेतलेली प्रत्येक रजा खोटीही होती आणि खरीही होती. आणि ज्या महिन्यात आपली प्रकृती उत्तम म्हणून लिहिली जाणार आहे तोच हा महिना आहे. पोळ्याची सुटी झाली, बैलांच्या शिंगांचा रंग रस्त्यावर सांडून वाळला, आणि पोळ्यानंतर कमिटी बसली. हरतालिकेच्या दिवशी बापूसाहेबांनी तिला शाळेत बोलावून सांगितलं की तिला कायम केलं आहे. एकही रजा नाही, ते सगळ्यांदेखत म्हणाले, इतरांनी यातून बोध घ्यावा. तिथे उभ्या असलेल्या जयवंताने गंभीर चेहऱ्याने मान हलवली. शैलाने त्याच दिवशी अमरावतीला पत्र टाकलं. पोस्टाच्या पेटीत पत्र पडल्याचा आवाज ऐकून ती क्षणभर तिथेच उभी राहिली, कारण तिला घरी जावंसं वाटेना.

घरी काकू बोलत नव्हत्या. भांडणाचा अबोला नव्हता तो. त्या ताट वाढत, पाणी देत, आणि तिच्याकडे बघत. नजर तोंडावरून खाली उतरे आणि पोटाशी थांबे. शैलाला वाटलं, बरणी नासली. गणपती बसले, आरती झाली, आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला सकाळी काकूंनी तिला विहिरीजवळ हाक मारली. काकूंचं स्वतःचं बसणं केव्हाच बंद झालं होतं, पण ऋषिपंचमी त्या चुकवत नसत. जन्मभरात कळत-नकळत जे शिवलं-सवरलं गेलं त्याचं हे प्रायश्चित्त. न्हाणीच्या दगडावर आघाड्याच्या काड्यांची जुडी होती. बापूसाहेब पुढे ओसरीवर पक्षकाराशी बोलत होते. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "दिव्याच्या अवसेले न्हायली होती तू. पोळा गेला, तीज गेली. तू बसली नाही."

शैलाने ओसरीकडे पाहिलं.

"यायले मी सांगितलं नाही अजून. आधी तुले इचारते. कोन आहे तो?"

एवढ्या सगळ्या भीतींत ही भीती तिने धरलीच नव्हती. आपण बरणीचा विचार करत बसलो, आणि काकू आठवडाभर बोटांवर तिथी मोजत होत्या. जी रजा पडली नाही म्हणून शाळेत तिची वाहवा झाली, तीच इथे तिच्या गळ्याशी आली होती. कमिटीने केलेलं कायम या एका बाईच्या एका शब्दाने पुसलं जाणार होतं. गप्प राहिलं तर बदनामी, आणि खरं सांगितलं तर बाटवलेलं घर. दोन्हींत काय कमी वाईट हे ठरवायलाही वेळ नव्हता. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तो काकूंवर नव्हता. ती म्हणाली, कोणी नाही. पोळ्याच्या आधीच अडचण आली होती. मी सांगितलं नाही. शाळेत गेले, घरात वावरले, हंड्याला शिवले. "लोणचंसुद्धा मीच काढलं, काकू. देवघरात तेवढी गेले नाही."

काकूंनी पदर आवरून घेतला आणि त्या एक पाऊल मागे सरल्या. कायले केलं असं, असं त्यांनी विचारलं तेव्हा आवाजात रागापेक्षा थकवा होता. शैलाने सांगितलं. पोळ्यापर्यंत एकही रजा नको असं बापूसाहेबांनी बजावलं होतं. तरुण पोरींना दर महिन्याला ताप का येतो, असं विचारत होते.

"ताप?"

"आम्ही तसंच लिहितो, काकू."

सत्यभामाकाकू न्हाणीच्या दगडावर बसल्या, आघाड्याच्या जुडीशेजारी. ओसरीवरून बापूसाहेबांचा आवाज येत होता, छापल्यासारखा. त्या तिकडे पाहत राहिल्या. "इतकी वर्षं मी या घरात ओरडून ओरडून सांगून राहिली त्यायले," त्या म्हणाल्या, "आधी माझं, मंग पोरींचं, आता तुयं. आन् हे म्हनतात ताप." त्यांचा चेहरा असा झाला की शैलाला वाटलं त्या हसणार, मग वाटलं रडणार. त्यांनी दोन्हीही केलं नाही. त्या उठल्या आणि आत गेल्या.

मागच्या खोलीतून शैलाला सगळं ऐकू येत होतं. बरणी सरकवल्याचा आवाज, दादरा सोडल्याचा, मग काहीच नाही. त्या वास घेत असतील. उपास होता, जिभेला लावता येणार नव्हतं. खूप वेळ गेला. मग पाट मांडला, ताट ठेवलं, बापूसाहेब जेवायला बसले. पळी बरणीला लागली. शैला दाराच्या फटीशी आली तेव्हा काकू हातात वाटी धरून उभ्या होत्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या, डॉक्टरने रोग्याकडे बघावं तशा. बापूसाहेबांनी फोड चोखली, साल बाजूला ठेवली, आणि म्हणाले की यंदा लोणचं चांगलं मुरलं आहे, आठ दिवसांत तर बहारच आली. त्यांनी आणखी एक फोड मागितली. काकूंनी ती वाढली.

मग त्या मागच्या पडवीत आल्या. हातात आघाड्याची एक काडी होती. ती त्यांनी लांबून टाकली नाही, शैलाच्या हातात ठेवली. त्यांची बोटं गार होती. "याने दात घास, आंघोळ कर," त्या म्हणाल्या. मग तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "आन् पुढच्या महिन्यात मले सांगू नको. मी इचारनार नाही." शैलाला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण त्या आधीच वळल्या होत्या. आतून बापूसाहेबांनी विचारलं, मास्तरीणबाई आज जेवायले नाही आल्या, बरं नाही का त्यायले? काकू पडवीतूनच ओरडल्या, "चांगली आहे. तिले काय झालं?" मग त्यांनी खुंटीवरचं काळं कांबळं काढलं, अंगणात दोनदा झटकलं, आणि घडी घालून काखेत मारलं. इथं उंदरं कुरतडतात, आत पेटीत ठेवते, असं म्हणत त्या निघाल्या. शैलाच्या ओठांवर आलं, राहू द्या काकू, असू द्या ते इथेच. तिची पाळी यायला अजून कितीतरी दिवस होते, पण कंबरेत आतापासूनच काहीतरी भरून आल्यासारखं झालं, आणि त्या दिवसांत आता पाठ टेकायला फक्त फळा असणार होता. रिकाम्या खुंटीखाली उभं राहून तिने काडी दाताखाली धरली. ती कडू लागली.